हवेचा फळा

आमच्या कॉलेजच्या गेटातून आत शिरलं की उजव्या हाताला सिमेंटचा एक काळा फळा आहे. आहे म्हणजे भिंतीत आहे, दिसत नाही. त्याच्यावर प्रवेशाचं फ्लेक्स ठोकलंय. फ्लेक्सवर चार हसऱ्या मुली आहेत, त्यातली एकही अकोल्याच्या उन्हात चार पावलं चाललेली वाटत नाही, आणि खाली ठळक अक्षरांत ‘निसर्गरम्य हरित परिसर’ असं छापलंय. पोळा झाला की या हरित परिसरात निम्म्या पोरांचे डोळे लाल होतात आणि नाकं गळायला लागतात, कारण त्यातली निम्मी हिरवळ गाजरगवताची आहे. फ्लेक्सला सहा खिळे आहेत. एक दिवस सगळे उपटून फेकीन असं मी रोज म्हणतो, आणि रोज मुकाट्यानं त्याच्यासमोरून हजेरीची सही करायला जातो. त्यामुळे पहिला राग माझा मलाच येतो, मग बाकीच्यांचा नंबर लागतो.

त्या फळ्यावर मंदाताई तायडे रोज सकाळी हवेची बातमी लिहायच्या. मंदाताई आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. परिचर म्हणजे चंचुपात्रं धुणारी, सूक्ष्मदर्शकं पुसणारी आणि प्राध्यापकांचा चहा आणणारी बाई, अशी कॉलेजची समजूत. शिक्षण बारावी. पण एका जुन्या विभागप्रमुखांनी त्यांना हवेतले परागकण धरायला आणि ओळखायला शिकवलं होतं. ते निवृत्त झाले, नंतर आलेल्यांना त्यात रस नव्हता, आणि काम मंदाताईंच्या अंगावर राहिलं. ते करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि पुढे कितीतरी वर्षं थांबवायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही.

काम असं होतं. छतावर पत्र्याच्या छोट्या टोपीखाली एक काच ठेवायची, तिच्यावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवलेला. दिवसभर, रात्रभर हवा तिच्यावरून जाणार आणि हवेत जे काही असेल ते तिला चिकटणार. सकाळी ती काच खाली आणायची, दुसरी ठेवायची, खाली आणलेलीवर गुलाबी रंगाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. त्या रंगानं मंदाताईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची गुलाबी झाली होती. मोजताना त्या ओठ हलवायच्या, मोठ्यानं नाही, पण शेजारी बसलेल्याला ऐकू येईल इतपत. त्या वेळी कुणी हाक मारली तर त्याची खैर नसायची. वर्षातून एकच सुट्टी त्या हक्कानं घ्यायच्या, वैशाख पौर्णिमेची. त्या दिवशीसुद्धा पांढऱ्या साडीत सकाळी येऊन काच बदलून जायच्या.

मी तिथं तासिका तत्त्वावर लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी विभागात पाऊल टाकलं आणि लागोपाठ सहा शिंका दिल्या. एका कोपऱ्यातून आवाज आला, ‘कोन्या रस्त्यानं आले तुमी?’

मी म्हटलं, ‘उमरीकडून. रेल्वेच्या कडेकडेनं.’

‘मंग शिंका येतीनच ना. थो सगळा पट्टा फुलावर आला हाये. उद्यापासून तोंड बांधून या. घरी गेल्यावर आंघोळ करा, आन् हेच कपडे घालून गादीवर पडू नोका. नाव काय तुमचं?’

नाव शेवटी. मी राऊत म्हणून सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मला वाटलं बाई खडूस आहे. ते खरंच होतं, पण त्या दिवशी मला एवढंच कळलं.

साडेआठच्या आत फळा लिहून व्हायचा. ‘आज हवेत: गाजरगवत लय. कुंदा मध्यम. एरंडी थोडी. दमेवाल्यांनी तोंड बांधून निघावे, सकाळच्या खिडक्या लावून घ्याव्या, डोळे चोळू नये, थंड पाण्याने धुवावे.’ कुंदा म्हणजे वावरातलं तण. माघ-फाल्गुनात गाजरगवताच्या जागी वावळ्याच्या झाडाचं नाव यायचं. पोरं वाचायची, चहावाला वाचायचा. गेटासमोरचे ऑटोवाले तर पेपरासारखे वाचायचे आणि एखाद्या दिवशी उशीर झाला की आत डोकावून विचारायचे, ‘मंदाताई, आज कसं काय वातावरन?’

फक्त प्राचार्यांना तो फळा खुपायचा. एकदा त्यांनी मंदाताईंना बोलावून घेतलं, मीही कसल्याशा कागदावर सही घ्यायला तिथंच उभा होतो. प्राचार्य म्हणाले, ‘बाई, हे महाविद्यालय आहे. ‘लय’ काय लिहिता? ‘अतिशय’ लिहा. आणि ‘परागकणांचे प्रमाण’ असं लिहा. पाहुणे येतात, वाचतात.’

‘मले एक सांगा सर,’ मंदाताई म्हणाल्या, ‘अतिशय वाचून कोनी तोंड बांधते काय?’

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुन्हा ‘लय’ होतं, पहिल्यापेक्षा मोठ्या अक्षरात. प्राचार्यांनी शिपायाकडून पुसून घेतलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं आठवडाभर चाललं आणि मग शिपायानंच कंटाळून पुसणं सोडलं. त्यालाही शिंका येत असत.

गंमत म्हणून हे सांगायला बरं वाटतं. पण मंदाताईंच्या रागात गंमत नव्हती. त्या चिडायच्या माणसाच्या एका सवयीवर, डोळ्याला दिसत नाही ते नाहीच असं म्हणण्याच्या. कुणी म्हणालं, ‘ताई, साधी सर्दी आहे हो,’ की त्या त्याचा दंड धरून सूक्ष्मदर्शकासमोर बसवायच्या. ‘पाय. गोल गोल, काटेवाले दिसून राहिले ना? थे गाजरगवत. थे तुह्या नाकात हाये. आता म्हन साधी सर्दी.’ बाभळीचे कण दाखवताना मात्र आवाज जरा मऊ व्हायचा. ते एकेकटे फिरत नाहीत, सोळा-सोळांचं गाठोडं करून फिरतात. ‘हे शानं झाड,’ त्या म्हणायच्या. ‘याचं ओझं जड असते. हे लय दूर नाही जात.’

प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला एक काचेचं कपाट होतं. त्यात बियांच्या नमुन्यांचे पत्र्याचे डबे, प्रत्येकावर चिठ्ठी: एरंडी, कुंदा, वावळा, काटेमाठ, गाजरगवत. कपाटाला कुलूप आणि किल्ली मंदाताईंच्या कमरेला. बियांना एवढा बंदोबस्त कशाला हे मला बरेच दिवस कळलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत मी आत गेलो तर दुसऱ्या वर्षाची पूनम तिथं उभी होती आणि ‘गाजरगवत’ असं लिहिलेल्या डब्यातून मंदाताई निळा पंप काढत होत्या. दम्याचा पंप, तोंडात धरून ओढतात तो.

‘हलव आधी. सगळा श्वास सोड. हां, आता दाब आन् सावकाश आत घे. सावकाश, मने! शरबत पिऊन राहिली काय? धर आता. दहा मोज.’

पूनमनं श्वास धरला आणि मंदाताईंनी मोजायला सुरुवात केली. सातव्याला पूनमनं सोडून दिलं.

‘सातमध्ये काय होते? औषध गळ्यातच राह्यते. पुना कर एका मिनिटानं.’

मग मला दिसलं की सगळ्याच डब्यांत पंप होते. होस्टेलवरच्या मुलींचे, जिच्या तिच्या डॉक्टरांनी दिलेले. डब्यावर मुलीचं नाव नाही, जिला ज्याचा त्रास त्या झाडाचं नाव. हा आपला अंदाज आहे, डॉक्टरी नाही, असं मंदाताई स्वतःच सांगायच्या आणि प्रत्येकीला तपासणीला पाठवायच्या. एकीचा पंप दुसरीला कधीही देत नसत. पण नाव मात्र कुठंही लिहायचं नाही, कारण त्या मुलींच्या आयांनी तसं वचन घेतलं होतं.

पुढे जुना पंप संपला म्हणून पूनमची आई नवा घेऊन हिवरखेडहून आली होती तो दिवस मला आठवतो. पंप रुमालात गुंडाळलेला, रुमाल पिशवीत, पिशवी पदराखाली. बाई हात जोडून म्हणाली, ‘ताई, पोरीचं जमवून राहिलो आमी. पाह्यले येऊन राहिले लोकं. हे कोनाले दिसू नोका देऊ. दमेवाली पोरगी म्हटलं की स्थळ वापस जाते. आन् पंपाची सवय लागते म्हनतात.’

‘सवय श्वासाची लागते,’ मंदाताई कडाडल्या. ‘थे मोडायची हाये काय तुमाले?’

बाई रडायला लागली. मंदाताईंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, आणि मग पाठ फिरवून कपाट पुसत पुसत एक गोष्ट सांगितली. ती मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकली. त्यांची धाकटी बहीण ललिता तेल्हाऱ्याला दिली होती. लग्नाआधी दमा सांगितला नाही. पंप लोखंडी पेटीत, साड्यांच्या तळाशी. कपाशी वेचायचे दिवस होते, भरदुपारी वावरातून आली ती दम घेतच आली. घरात सासू, जावा, पाहुणे. त्यांच्यासमोर पेटी उघडायची कशी म्हणून सगळे उठायची वाट पाहत स्वयंपाकघरात बसून राहिली. पाहुणे उठले तेव्हा ती उठली नाही.

‘पेटी मी उघडली मंग,’ मंदाताई म्हणाल्या. ‘भरलेला होता पंप.’

पूनमच्या आईनं डोळे पुसले. आणि तरीही म्हणाली, ‘पन तुमी ठेवा ताई. तुमच्याजवळ राहू द्या. कोनाले सांगू नोका.’  मला वाटलं आता घालवून देतील. पण मंदाताईंनी रुमाल घेतला, डबा काढला आणि पंप आत ठेवला. इथं ठेवून घेतला नाही तर पोरगी रिकाम्या हातानं राहील, या हिशेबानं ठेवला असणार.

आता एका अभियानाबद्दल. आमच्या कॉलेजात दरवर्षी गाजरगवत निर्मूलन अभियान व्हायचं. वरून परिपत्रक यायचं, त्यात आठवडा ठरलेला, आणि तो आठवडा नेमका गाजरगवत फुलून पांढरंफेक झालेलं असायचं तेव्हाचा. म्हणजे ज्या दिवसांत त्याच्या आसपासही फिरकू नये, त्या दिवसांत शे-दीडशे पोरापोरींनी उघड्या हातांनी, उघड्या तोंडांनी ते उपटायचं, झटकायचं आणि ढीग करायचे. मग पाहुणे येणार, एक रोप उपटताना फोटो. एक वर्ष पाऊस लांबला आणि गवत फुललंच नव्हतं, तेव्हा प्राचार्यांनी कार्यक्रम पुढे ढकलला होता. फोटोत फुलं दिसली पाहिजेत, नाहीतर कोथिंबीर उपटतोय असं वाटतं, असं ते म्हणाले होते. इतका निर्बुद्धपणा मी दुसरीकडे पाहिलेला नाही, आणि त्या कार्यक्रमाच्या समितीत मी स्वतः होतो.

मंदाताई दरवर्षी एक साधा अर्ज द्यायच्या. रेघांचा कागद, निळी शाई. ‘गाजरगवत फुलावर असताना हाताने उपटू नये. उपटायचे असल्यास पाऊस पडल्यावर लगेच, फुलाआधी, हातमोजे घालून, तोंड बांधून उपटावे. त्वचेला व दम्याला बाधते.’ दरवर्षी त्या अर्जावर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडायचा आणि तो फाइलला लागायचा.

त्या वर्षी त्यांनी एक ओळ जास्त लिहिली. ‘होस्टेलच्या काही मुलींना दमा आहे, त्यांना तरी वगळावे.’ प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. समितीतला म्हणून मलाही.

‘कोणत्या मुली? नावं द्या,’ प्राचार्य म्हणाले.

 जन्मात कुणासमोर गप्प न बसलेली बाई गप्प बसली. ओठांवर नावं होती, कमरेला किल्ली होती आणि वचनानं दोन्ही बांधलं होतं.

‘नावं नाहीत ना? मग दमाही नाही. उगाच पोरींना निमित्तं शिकवू नका.’

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. पूनमचं नाव मला माहीत होतं, आणखी तिघींचंही माहीत होतं. मी कोणाला वचन दिलं नव्हतं. पण माझी नेमणूक दर वर्षी नव्यानं व्हायची आणि ती करणारा माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिलो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, मंदाताईंना सांगायची गरजच नव्हती. बाहेर आल्यावर त्या सरळ प्रयोगशाळेकडे निघून गेल्या.

अभियानाच्या दिवशी मंदाताईंना सकाळच्या गाडीनं अमरावतीला, विद्यापीठात कागद द्यायला पाठवण्यात आलं. ते कागद पोस्टानंही जाऊ शकले असते, पण बाई मैदानात नको होत्या. त्या गेल्या, आणि कपाटाची किल्ली नेहमीप्रमाणे कमरेला गेली. जाण्याआधी फळा लिहून गेल्या होत्या: ‘आज हवेत: गाजरगवत लय लय लय.’ त्याच फळ्याखाली प्राचार्यांनी पाहुण्यांना हार घातला.

होस्टेलमागच्या मैदानात दहाच्या सुमारास उपटणं सुरू झालं. मुलींची यादी मीच वाचली. पूनम आली, ओढणी तोंडाला बांधून. पाहुणे येताच छायाचित्रकारानं सगळ्यांना तोंडं मोकळी करायला लावली, चेहरे दिसत नाहीत म्हणून. ढीग रचले जात होते आणि हवेत ती बारीक पांढरी भुकटी उडत होती. थोड्या वेळानं पूनम खाली बसलेली दिसली. जवळ गेलो तर ती बसली नव्हती, गुडघ्यांवर हात टेकून श्वास ओढत होती आणि श्वास आत जात नव्हता. तिच्या गळ्याजवळ खड्डा पडत होता. ‘पंप,’ ती म्हणाली. ‘ताई.’

ताई अमरावतीत.

मी पळालो. तिच्या मैत्रिणींनी तिला उचलून मागोमाग आणलं. कपाटाला कुलूप. मी लाकडी स्टूल उचललं आणि काचेवर घातलं. ‘गाजरगवत’ लिहिलेला डबा माझ्या हातून दोनदा निसटला. पंप तिच्या तोंडात धरला तेव्हा हलवायचा होता हे मी विसरलो, मग आठवलं, मग पुन्हा दाबला, आणि मोजायला लागलो तर तिला चारच्या पुढे धरवेना. ऑटोवाल्यानं तिला दवाखान्यात पोहोचवलं, गेटासमोरच्या, रोज फळा वाचणाऱ्यांपैकीच एकानं. तीन दिवस ती तिथं होती. वाचली. प्राचार्यांनी नोंदवहीत ‘उन्हामुळे भोवळ’ असं लिहून घेतलं, आणि खाली माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी मंदाताई आल्या त्या आधी दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. फुटलेल्या कपाटासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायला गेलो. त्यांनी हात वर केला.

‘तेल्हाऱ्यात पेटीत होता, इथं डब्यात होता,’ त्या म्हणाल्या. ‘फरक काय झाला सांगा? लपवला तर मीच ना. बहिनीले मारलं त्याच लोकाइची मी मदत करून राहिली होती.’

मी म्हटलं, ‘तुम्ही नसता तर पंपच नसता इथं.’

‘गोड नोका बोलू राऊत सर. मले राग येऊन राहिला, येऊ द्या.’

त्या दुपारी त्यांनी सगळे डबे होस्टेलच्या व्हरांड्यात आणले आणि मुलींना बोलावलं. एकेकीचं नाव घेऊन, सगळ्यांसमोर, मोठ्यानं, पंप हातात दिला. ‘दप्तराच्या वरच्या कप्प्यात. पदराखाली नाही, पेटीत नाही, माह्याजवळ नाही. शेजारचीले दाखवून ठेव. ज्याले लाज वाटते त्यानं डोळे मिटावे.’ दोन मुली रडल्या. एकीनं पंप घेतलाच नाही, तो त्यांनी तिच्या ओटीत टाकला. वचनं मोडली त्यांनी, एका दमात, सगळी. बरोबर केलं की चूक यावर आमच्या स्टाफरूममध्ये पंधरा दिवस चर्चा चालली. ज्या लोकांनी मैदानात पाऊलही ठेवलं नव्हतं ते सगळ्यात जास्त बोलत होते.

आया आल्या. पूनमची आई सगळ्यात आधी. पूनमचं जमत आलेलं स्थळ परत गेलं होतं, गावात बातमी पोहोचली होती. ती विभागाच्या दारात उभी राहून ओरडली, ‘माह्या पोरीचं वाटोळं केलं तुमी! इस्वासानं देल्लं होतं मी!’

‘हाओ,’ मंदाताई म्हणाल्या. ‘केलं. पोरगी जिती हाये, घरी घेऊन जा.’

कॉलेजनं त्यांना नोटीस दिली. वैद्यकीय पात्रता नसताना औषधांचा साठा केला, अफवा पसरवली, संस्थेची बदनामी केली. माझा जबाब घेतला. मी लिहिलं, ‘सदर कपाटाबाबत मला पूर्वकल्पना नव्हती.’ स्टूल माझ्या हातात होतं हे अख्ख्या विभागानं पाहिलं होतं, तरी मी ते लिहिलं आणि कॉलेजनं ते मानलं. मंदाताईंना निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं तळमजल्यावरच्या जुन्या दप्तरखान्यात बसवलं. छतावरची पत्र्याची टोपी काढून भंगारात दिली. फळा काही दिवस कोरा राहिला आणि मग त्याच्यावर फ्लेक्स आलं. मी कायम झालो.

अभियान अजून होतं. त्याच आठवड्यात.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना नारळ आणि शाल दिली, प्राचार्यांनीच, भाषणात ‘मनमिळाऊ’ म्हणाले. मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो.  फ्लेक्ससमोर त्या थांबल्या, त्या चार मुलींकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘तुमी काच फोडली थे बरं केलं. बाकीचं राहू द्या.’ मग समोरच्या ऑटोत बसल्या. मला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.

त्या अमरावतीला लेकीकडे राहायला गेल्या. त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं, गेल्या माघात, पूनमच्या लग्नात.

पत्रिका द्यायला पूनम आणि तिची आई दोघी आल्या होत्या. मुलगा भातकुलीचा, कार्यालय भातकुलीच्या रस्त्याला. मी जाऊन बसलो तर तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, तोंडाला रुमाल बांधून मंदाताई. मला पाहून त्यांनी बोटानं बाहेर दाखवलं. कंपाउंडच्या कडेनं वावळ्याची झाडं होती, फुलोऱ्यावर आलेली. ‘कार्यालय पाह्यताना कोनी वर पाह्यत नाही,’ त्या रुमालातून म्हणाल्या. ‘जेवनाचा हॉल पाह्यतात.’ केस पुष्कळ पांढरे झाले होते. उजव्या हाताची दोन बोटं मात्र अजून किंचित गुलाबी होती.

दुपारी बाराचा मुहूर्त. नवरीची एंट्री म्हणून वाजंत्री सुरू झाली आणि दोन्ही बाजूंनी धुराची यंत्रं सोडली. भावांनी धरलेल्या फुलांच्या चादरीखालून पूनम चालत निघाली आणि स्टेजपासून दहा-बारा पावलांवर थांबली. आधी वाटलं फोटोसाठी थांबली. मग तिनं छातीवर हात ठेवला, आणि तिच्या गळ्याजवळचा तो खड्डा मला इतक्या लांबून दिसला. सगळा मांडव बघत होता. नवरदेव हार घेऊन उभा, त्याच्या आजूबाजूला त्याच्या मावश्या, आत्या, काका. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यानं माइक तोंडाशी धरलेला.

मी खुर्चीतून उठलो आणि तिथंच उभा राहिलो. पूनमच्या आईकडे पाहिलं. तीच बाई, पिशवी पदराखाली धरणारी. ती चार ढांगांत पोरीपर्यंत पोहोचली, हातातली पर्स भर मांडवात उघडली आणि निळा पंप बाहेर काढला.

‘हे काय व्हय?’ नवरदेवाकडची एक बाई म्हणाली.

‘दम्याचा पंप हाये,’ पूनमची आई मोठ्यानं म्हणाली.  ‘माह्या पोरीले दमा हाये. तुमच्या घरी आधीच सांगतलं आमी.’

पूनमनं घाईघाईनं पंप तोंडाला लावला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, तोंडावरचा रुमाल खाली ओढून, मंदाताई उभ्या राहिल्या.

‘बंद करा रे थो धूर! आन् तू, हलव आधी! किती खेपा सांगतलं तुले! सगळा श्वास सोड. हां. दाब. सावकाश. सावकाश, मने, कोनी पळून नाही चाललं. धर आता.’

धुराची यंत्रं थांबली. वाजंत्री थांबली. पूनम डोळे मिटून श्वास धरून उभी होती, आईनं तिचा मुंडावळ्यांचा गोंडा बाजूला धरला होता, आणि माइकवाला माइक खाली घेऊन वाट पाहत होता. अख्ख्या कार्यालयात फक्त मंदाताईंचा चिडलेला, खणखणीत आवाज, एक, दोन, तीन. सातव्याला पूनमच्या पापण्या हलल्या.

‘खबरदार!’ मंदाताई म्हणाल्या. ‘आठ. नऊ. दहा. सोड आता.’